झेबुन्निसा : नाव तिचे, ओळख दुसऱ्याची

मुलीचे नाव ठेवताना घरोघरी अर्थ पाहिला जातो. ते नाव पुढे तिच्याजवळ टिकेल का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

गुरुग्राममधील झाडसा हे जुने गाव आज उंच इमारतींच्या गराड्यात सापडले आहे. दोनशे वर्षांपूर्वी झाडसा-बादशाहपूर हा परगणा एका स्त्रीच्या ताब्यात होता. इतिहास तिला बेगम समरू म्हणतो. वास्तविक समरू हे तिचे नाव नव्हतेच! वॉल्टर राइनहार्ट या युरोपीय भाडोत्री सेनानीचे टोपणनाव 'सोंब्रे'. येथल्या लोकांच्या तोंडी त्याचे झाले समरू, आणि तेच तिला कायमचे चिकटले. तो १७७८ मध्ये वारला. पुढे १८३६ पर्यंत, म्हणजे तब्बल ५८ वर्षे, सरधन्याची जहागीर आणि फौज तिनेच सांभाळली. १८०३ च्या आसईच्या लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या.

तिचे मूळ नाव फरझाना. १७८१ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर ती जोआना झाली. बादशाह शाह आलमने तिला किताब दिला तो झेबुन्निसा, म्हणजे स्त्रियांचा अलंकार. यातला 'झेब' फारसी आहे, 'उन्निसा' अरबी. मूळ जोड 'अल्-निसा'. पण अरबीत 'न'च्या आधीचा 'ल' उच्चारात त्या 'न'मध्येच मिसळून जातो. 'निसा' म्हणजे स्त्रिया. कुराणातील चौथ्या अध्यायाचे नावही हेच, आणि त्यात वारसाहक्क, विवाह, अनाथांची मालमत्ता असे व्यवहाराचे विषय आहेत. 'निसा' हा शब्द नेहमी अनेकवचनीच असतो. एका स्त्रीसाठी अरबीत वेगळाच शब्द वापरावा लागतो. त्यामुळे हे नाव धारण करणारी एकटी कधीच नसते, तिच्यामागे सगळा स्त्रीवर्ग उभा असतो.

हेच नाव औरंगजेबाच्या थोरल्या मुलीचे. ती १६३८ मध्ये आपल्या दौलताबादला जन्मली. बापाची मर्जी फिरली आणि १६८१ पासून १७०२ मध्ये मरेपर्यंत ती दिल्लीच्या सलीमगडात कैदेत राहिली. कवितेसाठी तिने घेतलेले नाव म्हणून 'मख्फी' प्रसिद्ध आहे. हाही शब्द अरबीच, अर्थ, लपलेली. बापाने अलंकार म्हटले, लेकीने स्वतःला काय म्हणवून घेतले पाहा!

मराठी घरांत लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. वीस-बावीस वर्षे ज्या नावाने आईने हाक मारली, ते दोन मिनिटांत पुसले जाते. मुस्लिम घरांत निकाहनंतर स्त्रीचे पहिले नाव सहसा बदलत नाही. हमीद दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांनी १९७७ मध्ये पती गेल्यावर त्यांचे काम पुढे चालवले आणि 'मी भरून पावले आहे' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. मुखपृष्ठावर नाव आले ते माहेरचेच, मेहरुन्निसा.