वडिलोपार्जित बंदूक

वाडवडिलांपासून चालत आलेल्या जिनसा दोन प्रकारच्या असतात. तांब्याचे हंडे, पोथ्या, दागिने ह्यांची वाटणी भावाभावांत बऱ्यावाईट रीतीने एकदाची होऊन जाते. दुसऱ्या प्रकारच्या वस्तू वाटता येत नाहीत, टाकता येत नाहीत, आणि बाळगावयाच्या म्हटल्या तर सरकारास त्यांचा जाब द्यावा लागतो. आमच्या घरची दुनळी बंदूक ह्या दुसऱ्या वर्गातली. आमचे दादा गेल्या वर्षी निवर्तले. परवाना त्यांच्या नावचा असल्यामुळे ती तूर्त एका परवानाधारक विक्रेत्याकडे अनामत आहे, आणि तिचे काय करावे हा प्रश्न तीन बिऱ्हाडांपुढे येऊन पडला आहे. असा पेच आणखीही काही कुटुंबांत असेल, म्हणून आमचा विचार येथे मांडतो.

ही बंदूक आमच्या पणजोबांनी, कोकणात आमच्याकडे खोती होती त्या काळी, भातशेतीतील डुकरांसाठी जुनी म्हणून विकत घेतली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने एतद्देशीयांस परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची मनाई होती आणि युरोपियनांस मात्र माफी होती. त्यामुळे परवाना असणे हीच एक प्रतिष्ठा होऊन बसली. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, बंदूक राहिली. खंडेनवमीस कोयता, विळी, पहार ह्यांच्या रांगेत तीही हळदकुंकू लावून मांडली जाई.

दादांच्या चिरंजीवांचे म्हणणे असे की, तिचा जीर्णोद्धार करावा. हा मुलगा गावी राहून बागाईत पाहतो व माकडे आणि डुकरे ह्यांनी तो अगदी जेरीस आला आहे. तेव्हा त्याच्या म्हणण्यास केवळ हौस म्हणता येत नाही. त्याने एक कारागीर शोधून काढला आहे. तो नळ्यांस काळीभोर झिलई देतो, दस्ता नवा बसवितो, आणि बंदूक पुन्हा बार काढील अशी हमी देतो. ह्या हमीचीच आम्हांस भीती वाटली.

नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आहे. ती वरून कोरलेली नव्हे. लोखंड व पोलाद ह्यांच्या पट्ट्या तापवून, त्यांस पीळ देऊन, त्या एका सळईभोवती गुंडाळीत व ठोकून एकजीव करीत. मग आम्लाच्या योगाने दोन धातूंचा भेद वर उमटे. ह्यांस दमास्कसच्या नळ्या म्हणत, परंतु त्या पुष्कळशा बेल्जममधील लिएज व इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे होत. आमच्या नळ्यांच्या खालच्या अंगास बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे ठसे आहेत. हे परीक्षागृह १८१३ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाले. शेजारी १२ हा आकडा आहे. म्हणजे नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. त्याखाली 'नॉट फॉर बॉल', अर्थात् 'गोळीसाठी नव्हे', असे शब्द आहेत. तोंडाशी निमुळत्या केलेल्या नळ्यांवर हे शब्द १८७५ ते १८८७ एवढ्याच अवधीत ठोकीत असत. त्यावरून बंदुकीचे वय ठरले. (शुक्रनीतीत 'नालिक' व 'अग्निचूर्ण' ह्यांचे वर्णन आहे, तेवढ्यावरून आपल्या प्राचीनांपाशी बंदुका होत्या असे सांगणारे अभिमानी आम्ही पुष्कळ पाहिले. त्याच उल्लेखांवरून तो ग्रंथच अर्वाचीन ठरविणारे पंडित आम्हांस अधिक पटतात.)

म्हणजे ही बंदूक काळ्या दारूच्या अमदानीतली. आज बाजारात मिळणारी काडतुसे धूररहित दारूची असतात व त्यांचा दाब ह्या नळ्यांसाठी नव्हे. पट्ट्यांच्या सांध्यांत गंज कोठवर शिरला आहे हेही बाहेरून दिसत नाही. मडके घेताना बायका ते वाजवून पाहतात, तशीच ह्या नळ्यांची एक परीक्षा आहे. दोरीने टांगून हलकेच टिचकी मारली असता घंटेसारखा नाद निघाला पाहिजे. आमच्या नळ्यांचा नाद बद्द निघाला. दोहोंमधील पट्टीचा डाख सुटला आहे. कारागिराची झिलई उकळत्या क्षारात बुडवून द्यावयाची, आणि शिसे-कथलाचा उरलासुरला डाख त्यात खाऊन जावयाचा! त्यापूर्वी घासकाम होईल ते निराळे, म्हणजे ठसे व लाटा दोन्ही गेल्या.

'तर मग शोभेसाठी भिंतीवर लावू, तिला परवाना कशाला?' असा दुसरा प्रश्न निघाला. १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमात पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांस सूट आहे खरी. परंतु दुरुस्ती करून किंवा न करताही जे हत्यार चालूच शकत नाही त्यालाच ती लागू पडते. कारागिराची हमी येथे आमच्याच विरुद्ध साक्ष देते. २०१६ च्या नियमांप्रमाणे वारसास परवाना मिळू शकतो. मात्र त्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आले, आणि निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याचा हुकूम आला तर ते हेलपाटे आले. एवढे करून १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे डुकरावर वनखात्याच्या परवानगीवाचून बार टाकता येत नाहीच.

आमच्या धाकट्या बंधूंस विकण्याची कल्पनाच असह्य वाटे. पणजोबांची ती एकच खूण, असे ते पुण्याहून वारंवार कळवीत. परवाना तुम्ही घ्या म्हटले, तर त्यांच्या सदनिकेत जागा नव्हती. अखेर वहिनी बोलल्या. 'ते होते तोवर तिला कोणी तरी राखीत होते. घरात तीन लहान मुले आहेत. कुलूप किती दिवस पुरेल?' ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. शिवाय विक्रीस सर्व वारसांची संमती लागते. आज आम्ही मोजकी माणसे आहोत. पुढील पिढीत ती संख्या वाढून निम्मी माणसे परदेशी असतील.

सबब विकावी, आणि दुरुस्त न करता विकावी, असे ठरले. शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने खासगी माणसास देशाबाहेर पाठविता येत नाही. तेव्हा परवाना असलेला येथलाच संग्राहक पाहावा लागेल, आणि किंमत बेताचीच येईल. येईल ती पुतण्याच्या बागेभोवतीच्या सौर कुंपणास द्यावयाची. सर्व ठशांची कागदावर नक्कल करून ती जुन्या परवान्यांबरोबर पेटीत ठेविली आहे. धाकट्या बंधूंनी संमतिपत्रावर सही पाठविली, आणि नळ्या पुसावयाचा सागवानी गज तेवढा स्वतःसाठी मागून घेतला.