उसवायची वही

पहाटे चारच्या आत जाग येण्याची सवय मला भूकंपानं लावली. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाच्या मिरवणुकांनी दमलेली माणसं गाढ झोपली होती आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातलं. तिकडं बावन्न गावं होत्याची नव्हती झाली, जवळपास दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी घरंच माणसांच्या अंगावर आली. आमच्या औशातल्या घराच्या भिंतीला नुसती भेग पडली. मी नऊ वर्षांची होते आणि ती भेग मला कितीतरी दिवस झोपेत दिसायची.

तो हिवाळा आम्ही अंगणात झोपून काढला. अप्पांना साडेतीननंतर झोप लागेना. ते उठून बसत, पुन्हा पुन्हा घड्याळ बघत, चार वाजून गेले की सुस्कारा सोडत. बसून तरी काय करायचं, म्हणून त्यांनी कंदील लावून काज-बटणाचं काम काढायला सुरुवात केली. पुढच्या खोलीत त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. मीही जागी व्हायचे. अंधारात एकटं पडून राहायची भीती वाटे, म्हणून पाटी घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसे. आई पांघरुणातूनच ओरडायची, ‘‘काय करूलालीस गं एवढ्या अंधारात?’’ मी म्हणायचे, ‘‘पाढे.’’

वर्षभरात आम्ही पुन्हा घरात झोपायला लागलो. भेग बुजवली. भीतीही कधी गेली ते कळलं नाही. पहाटेची ती वेळ मात्र आमच्याकडं राहिली.

माझी भाची लातूरला ‘नीट’ची तयारी करते. तिच्या फोनमध्ये सवयी मोजणारं एक ॲप आहे. पाचला उठलीस का, पाणी प्यालीस का, ध्यान केलंस का, असं ते विचारतं, आणि हो म्हटलं की हिरवी खूण करतं. ‘‘आत्या, एकवीस दिवस केलं की हाय परफॉर्मन्स माइंडसेट तयार होतो,’’ असं तिनं मला सांगितलं तेव्हा मला हे अंगण आठवलं. तिची थट्टा करावी असं नव्हे. पण माझ्या सवयींना असं भारदस्त नाव कधीच नव्हतं. त्या कशा लागल्या ते तिला सांगायला बसले आणि लक्षात आलं की त्यातल्या निम्म्या अप्पांच्या दुकानातल्या आहेत.

दहावीनंतर, २००० साली, मी लातूरला अकरावी सायन्सला गेले. त्या दिवसांत ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द आमच्या भागात जरा दबक्या आवाजातच उच्चारले जात. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात त्याची पायाभरणी झाली, पुढं प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांनी ते काम वाढवलं, दयानंदसारखी कॉलेजंही त्याच वाटेनं गेली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरच्यांना वाटे, काहीतरी गुप्त युक्ती असणार. आत गेल्यावर दिसलं ते फारच साधं होतं. अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि मग परीक्षा, परीक्षा, परीक्षा. पेपर तपासून हातात परत मिळायचा. कुठल्या पायरीला गुण गेला ते लाल शाईनं दाखवलेलं असायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पेपर.

होस्टेलचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून मी अप-डाउन करायचे. औसा ते लातूर वीस किलोमीटर. सकाळची पहिली एसटी आणि संध्याकाळची मिळेल ती. बसमध्ये वाचायला घेतलं की मला मळमळायचं. सुरुवातीला फार वाईट वाटे, रोजचा तास-दीड तास पाण्यात गेल्यासारखा. मग नाइलाजानं डोळे मिटून आदल्या दिवशीचं आठवायला लागले. कालच्या तासाला सर काय म्हणाले, फळ्यावर आकृती कुठल्या बाजूला होती, सूत्रात खाली काय होतं. सगळं आठवायचं नाही. जे आठवलं नाही ते बस थांबल्यावर वही उघडून बघायचं. पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासून पाहिलं होतं: धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आठवड्यानंतरही जास्त लक्षात राहतं. मला हे एसटीच्या खड्ड्यांनी शिकवलं.

पहिल्या चाचणीत फिजिक्सला पन्नासपैकी अकरा पडले. दहावीला शाळेत पहिली आलेली मुलगी मी. पेपर दप्तराच्या तळाशी घालून घरी आले आणि जेवले नाही. अप्पांनी काही विचारलं नाही. मशीनवरचं काम संपवलं आणि म्हणाले, ‘‘आण बघू.’’ त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. कंदिलाजवळ पेपर धरून ते फक्त लाल खुणा बघत राहिले. मग स्वतःच्या समोरचा एक सदरा माझ्यापुढं टाकला. बाही उलटी बसली होती, ते ती उसवत होते.

‘‘तीस वर्षं शिवतोय, अजून उसवावं लागतं,’’ म्हणाले. ‘‘उसवायची लाज वाटली तर धागा तसाच ऱ्हातो आन् गिऱ्हाईक ते घालून गावभर फिरतंय. हे लाल जिथं जिथं हाय, ते वहीत उतर. का चुकलं ते बी लिही.’’

तीच माझी उसवायची वही. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने केले. मी काय लिहिलं, काय पाहिजे होतं, का चुकलं. पहिले दोन सोपे. तिसऱ्यात मी सुरुवातीला प्रत्येक ओळीला ‘अभ्यास कमी पडला’ असं लिहायचे. अप्पा म्हणाले, हे उत्तर नव्हे, ही तक्रार झाली. ‘‘बाही उलटी का बसली? मी शिवायला कमी पडलो म्हणून? नाही. बोलत बोलत शिवली म्हणून.’’

मग खरी कारणं लिहायला लागले. प्रश्न अर्धाच वाचला. एकक लिहायचं राहिलं. वजाचं चिन्ह पुढच्या ओळीत आलंच नाही. माहीतच नव्हतं. दोन महिन्यांनी एका रविवारी सगळ्या चुका मोजल्या आणि चकित झाले. ‘माहीतच नव्हतं’ हे कारण तिसरा हिस्साही नव्हतं. बाकी सगळी घाई. म्हणजे मी रोज आणखी दोन तास पाठांतर वाढवणार होते, त्यानं काहीच फरक पडला नसता. पुढं कुठलाही पेपर लिहिताना मी पेन टेकवण्याआधी प्रश्नाखाली बोट फिरवायला लागले. वर्गातल्या मुली हसायच्या, पहिलीतली पोर म्हणायच्या. ती बोटाची सवय अजून आहे.

यातली एक गोष्ट मात्र मी जवळजवळ चुकवलीच होती. वर्गात कोण किती वाजेपर्यंत जागतं याची चढाओढ असे. एक वाजता, दीड वाजता. मीही बारापर्यंत जागून चारला उठायला लागले. पंधरा दिवसांत प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या डुलकी लागून ब्युरेट हातातून सुटला. त्याची भरपाई भरावी लागली, ती गोष्ट वेगळीच. अप्पांनी त्या रात्री साडेनऊला माझ्या खोलीतला दिवा मालवला. ‘‘रात्री उशिरा शिवलेलं सकाळी उसवावंच लागतं. मी नऊनंतर मशीनला हात लावत नाही, तू का लावतीस?’’ पहाटे चारचं रहस्य रात्री साडेनऊला असतं, हे कुणी भिंतीवर लावायच्या तक्त्यात लिहीत नाही. लिहिलं तरी विकलं जाणार नाही.

अप्पा मशीन बंद करण्याआधी आणखी एक काम करायचे. दुसऱ्या दिवशीच्या कापडाच्या रंगाचा दोरा बॉबीनवर भरून ठेवायचे, मशीनला तेलाचे दोन थेंब द्यायचे आणि पहिलं कापलेलं कापड घडी करून पाटावर ठेवायचे. त्यांचं तरुणपण तालमीत गेलं होतं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा आमच्या भागातल्या प्रत्येक पोराला पैलवान व्हायचं होतं. अप्पांचं ते काही जमलं नाही. पण ते सांगत, कुस्तीला उतरायच्या आधी हौद्यातली माती आपणच उकरायची असते, तो नियम त्यांनी दुकानात आणला. ‘‘सकाळी उठून दोरा शोधत बसलो की अर्धा तास तिथंच गेला. सकाळची अक्कल शोधण्यात घालवू नये.’’ मीही झोपताना उद्याचा पहिला प्रश्न वहीच्या पानावर लिहून, पेन त्यावर आडवं ठेवून झोपायचे. चार वाजता डोळे पूर्ण उघडायच्या आत पहिली ओळ लिहून झालेली असे. ती ओळ झाली की बाकीचं आपोआप चालायचं.

एवढं सगळं करून मेडिकलची सीट माझी थोडक्यात हुकली. बारावीला गुण छान होते. पण १९९९ पासून राज्यात सीईटी आली होती, आणि त्या एका दिवशी बायोलॉजीच्या भागात मी अडकत गेले ती गेलेच. सवयी नियमित पाळणाऱ्याला यश मिळतंच, असं माझ्याकडून कुणी वदवून घेऊ नये. यादी लागली त्या दिवशी अप्पांनी दुकान उघडलं, नेहमीसारखं. मी दिवसभर आत पडून होते. संध्याकाळी त्यांनी वही मागितली. मी म्हटलं, संपलं आता, कशाला? ते म्हणाले, ‘‘पेपर संपला. वही कुठं संपली?’’ मला त्यांचा राग आला होता. तेव्हा.

मी बी.फार्म. केलं. आज औशात माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरखाली निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, कितवी ते मोजलेलं नाही. त्यात आता गिऱ्हाइकाच्या हातात जाता जाता थांबलेल्या चुका असतात. मेटफॉर्मिन पाचशेच्या जागी हजारची स्ट्रिप काढली होती, शेजारी ठेवलेली म्हणून. दुसऱ्या दिवशी दोन्ही स्ट्रिपांचे कप्पे लांब केले. गर्दीच्या वेळी फोन उचलला आणि गोळ्या मोजायला चुकले. तेव्हापासून मोजताना फोन घेत नाही, मग घरचा का असेना. चिठ्ठीवरच्या नावाखाली बोट फिरवल्याशिवाय मी औषध देत नाही. म्हाताऱ्या बायका म्हणतात, पोरीला नजर कमी हाय वाटतं.

भाचीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘आत्या, पण माझी साखळी तुटली. बारा दिवस झाले होते, मग ताप आला, आणि ॲपनं पुन्हा शून्य दाखवलं.’’ रडवेली झाली होती. तिला लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावायला सांगून बारा आठवडे पाहिलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८ पुरले, कुणाला आठ महिन्यांच्या वर लागतील असा हिशोब होता. एकवीसचा आकडा त्यात कुठंच नाही. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. ‘‘मग ॲप शून्य का दाखवतं?’’ तिनं विचारलं. याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. एसटीचा संप झाला किंवा पावसानं रस्ता बंद पडला की माझेही दिवस जायचे, पण माझ्या वहीत शून्य लिहायला रकानाच नव्हता.

परवाच्या रविवारी ती लातूरहून आली. सराव परीक्षेचा पेपर घेऊन आली होती, ७२० पैकी ४०८. रात्री जेवणं झाल्यावर ती अप्पांच्या खोलीत गेली. अप्पांनी आता सत्तरी ओलांडली आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी सुईत दोरा ओवता येत नाही, गिऱ्हाइकं दोन वर्षांपूर्वीच थांबवली. पण मशीन कोपऱ्यात आहे आणि साडेनऊच्या आधी ते त्याच्याजवळ जाऊन बसतात. तेलाचे दोन थेंब, फडकं, आणि बॉबीन भरायची. त्या रात्री पांढरा दोरा होता.

‘‘आजोबा, उद्या काय शिवायचंय?’’ तिनं विचारलं.

‘‘बघू की,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तू आधी तो पेपर आण.’’