बिनचढाचा घाट

जून उजाडला की कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, प्लेझंटनच्या काउंटी फेअरला जाऊन करायचं काय, ऊन खायचं आणि तळलेलं खायचं. दुसरा तट पोरांच्या हट्टापायी जाऊन येतो आणि पार्किंगच्या पैशांवर आठवडाभर बोलतो. मी दोन्हींत बसत नाही. मला तो मेळा आवडतो, पोरं बरोबर नसली तरी आवडतो, आणि त्याचं कारण अमेरिकेत नाही, आंबेगाव तालुक्यात आहे.

माझं माहेर मंचरच्या पलीकडं, घोड नदीच्या काठी. गावची यात्रा चैत्रातली. गहू-हरभरा घरात आलेला, कांदा निघालेला, पावसाला अजून अवकाश. हातात चार पैसे आणि अंगाला थोडी उसंत, म्हणून जुन्नर-आंबेगावातल्या बहुतेक गावांच्या यात्रा चैत्र-वैशाखात येतात. थापलिंगचा खंडोबा पौष पौर्णिमेला आणि ओतूरचा कपर्दिकेश्वर श्रावणी सोमवारी, पण ती मोठी देवस्थानं, त्यांचा हिशेब वेगळा. आमच्या गावात पहाटे देवाला अभिषेक, मग मांडव-डहाळ्यांची मिरवणूक, दुपारी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे, रात्री पालखी, शोभेची दारू आणि तमाशा, दुसऱ्या दिवशी तमाशाची हजेरी आणि कुस्त्यांचा आखाडा. हा सगळा कार्यक्रम मला तोंडपाठ आहे आणि यातलं निम्म्याहून जास्त मी पाहिलेलं नाही. आम्ही बायका चुलीपाशी असायचो.

यात्रेला घरी किती माणूस जेवेल याचा अंदाज कुणालाच नसतो. पावणे येतात, पावण्यांचे पावणे येतात, गाड्याबरोबर आलेली माणसं येतात. दुसऱ्या दिवशी मटण-भाकरी असते, ते त्या मानानं सोपं. पहिल्या दिवशी देवाचा नैवेद्य, पुरणपोळी आणि मासवडी. आमच्या भागातली मासवडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिची चव माहीत असते, तिची मेहनत माहीत नसते. तीळ आणि सुकं खोबरं भाजायचं, कांदा-लसूण परतायचा, कोथिंबीर घालून कोरडं सारण करायचं. बेसन शिजवून घट्ट गोळा करायचा आणि तो कढत असतानाच ओल्या फडक्यावर हातानं थापायचा. गार झाला की संपला, चिरा पडतात. वर सारण पसरायचं, फडक्याच्या आधारानं दुमडायचं, दाबून लांबट तिकोनी आकार द्यायचा, मग वड्या पाडायच्या. रस्सा वेगळा, झणझणीत. वाढायच्या वेळीच वड्या रश्शात सोडायच्या, आधी सोडल्या तर फुटतात. म्हणजे वाढणारीनं जेवणाऱ्याच्या ताटावर नजर ठेवून उभं राहायचं. माझ्या आईच्या तळहातांना त्या बेसनाचे चटके इतके सवयीचे झाले आहेत की इथं ओव्हनमधलं भांडं काढताना ती हातमोजा घालत नाही.

बाहेर त्या वेळी घाटात ‘झाली… झाली… भिर्रर्र!’ चाललेलं असायचं. लाउडस्पीकरवरून आम्हाला सगळं कळायचं. कोणाचा गाडा किती सेकंदांत आला, कोण घाटाचा राजा झाला, कोणत्या गाड्याला मोटारसायकल मिळाली. रात्री तमाशाची ढोलकी ऐकू यायची. नारायणगाव आमच्यापासून फार लांब नाही. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे कारभारी सुपारी ठरवायला जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर त्याच गावच्या. 1957 आणि 1990 अशी दोन वेळा राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा गौरव झाला. बोर्डावर उभी असताना कळा सुरू झाल्या, बाळंत होऊन ती बाई परत येऊन नाचली, ही हकीकत आमच्याकडच्या पुरुषांकडून मी लहानपणापासून ऐकत आले. सांगणारे सगळे पुरुषच, कारण समोर बसून बघणारे तेच. बाईनं नाचायचं, बाईनं रांधायचं, आणि यात्रा बघायची तेवढी दुसऱ्यांनी.

म्हणून मला काउंटी फेअर आवडतो. तिथं मी उभ्यानं खाते.

हे पटायला फ्रीमाँटहून 680 महामार्गानं डोंगर ओलांडून प्लेझंटनला यावं लागतं. अलीकडं खाडीचा गार वारा, पलीकडं अंग भाजणारं ऊन. डोंगरावरचं गवत वाळून पिवळंधमक. गेल्या उन्हाळ्यात आई आणि माझे वडील, नाना, आले होते, तेव्हा नाना ते डोंगर बघून म्हणाले, “जुन्नरलाच आल्यागत वाटतंय, निस्ता किल्ला न्हाई.” जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हा मेळा चालतो. 1912 साली तो पहिल्यांदा भरला. आत शिरलं की पहिल्यांदा नाकाला कळतं, तेल, साखर, धूर आणि कुठून तरी शेण. आई थबकली आणि म्हणाली, “वास तर आपलाच हाय.”

खाण्याची यादी सांगण्यात अर्थ नाही, सगळं एक तर तळलेलं असतं, नाही तर काडीला खोचलेलं, नाही तर दोन्ही. फनेल केक मात्र आईनं नीट उभं राहून पाहिला. बाई नरसाळ्यातून पीठ सोडते, तेलावर वेडेवाकडे वेढे पडतात, जिलबीसारखेच, फक्त ताटाएवढे. उलटवते, निथळते, वरून पिठीसाखर भुरभुरते आणि कागदाच्या ताटलीत ठेवते. पाकात घालतच नाही म्हटल्यावर आईला ते अर्धवट वाटलं, पण संपवला तिनंच. कॉर्न डॉगमध्ये काय असतं ते कळल्यावर नानांनी हात जोडले आणि टर्कीची तंगडी घेतली. ती हातात धरून ते सबंध मैदान फिरले. कणीस मात्र दोघांनी खाल्लं, निखाऱ्यावरचं, तिखट-लिंबू लावलेलं. त्याची किंमत मी सांगितली नाही. नानांनी पाटीवर वाचली, शंभराच्या जवळपास कशानं तरी गुणली आणि मग कणीस अगदी हळूहळू खाल्लं. खाऊन झाल्यावर आई ताटल्या गोळा करायला लागली. कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या म्हटल्यावर ती म्हणाली, “म्हंजे झालं? आता काय करायचं?” यात्रेच्या दिवशी दुपारी काही करायचं नसतं, ही गोष्ट तिच्या अंगवळणी पडायला तासभर गेला.

आमची मंडळी फेअरला जातात आणि खाऊन, पाळण्यात बसून परत येतात. आकाशपाळण्याचं मलाही कौतुक आहे. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरनं 264 फुटांचा पहिला पाळणा उभा केला, तो आमच्या गावच्या यात्रेपर्यंत पोचला, हे काही कमी नाही. पण मेळा खरा असतो तो मागच्या बाजूला, गोठ्यांत. या प्रकाराची सुरुवातच जनावरांपासून झाली. 1807 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थानं मेरिनो जातीच्या दोन मेंढ्या चौकात आणून उभ्या केल्या. लोकांची लोकर बघायला गर्दी झाली, आणि दोन मेंढ्यांना एवढी गर्दी होते तर सगळ्यांचीच जनावरं आणली तर, असं त्याच्या डोक्यात आलं. त्यातून तिथला शेतकी मेळा उभा राहिला. पुढं याच वॉटसननं बायकांनी घरी विणलेल्या कापडालाही बक्षिसं ठेवली. तो माणूस शहाणा होता. घरात राबणारी बाई मैदानात आली तर तिच्यामागं सगळं घर येतं, हे त्यानं ओळखलं होतं.

त्या बक्षिसांचा वंश अजून चालू आहे. एका मोठ्या हॉलमध्ये मुरंबे, पाय, गोधड्या, लोणची ओळीनं मांडलेली असतात आणि पहिल्या नंबराला निळी फीत लावलेली असते. आई लोणच्यांपाशी बराच वेळ उभी होती. काकड्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या. “ह्याला पहिला नंबर? तेल कुठंय?” मग बरणीवर चिकटवलेलं नाव आणि फीत बघून म्हणाली, “पण नाव लावलंय बाईचं.” आमच्या यात्रेत कुस्तीला इनाम आहे, गाड्याला मोटारसायकल आहे, कुठं कुठं ट्रॅक्टरसुद्धा आहे. मासवडीला काही नाही. वर्गणीच्या यादीतही घर येतं ते घरातल्या पुरुषाच्या नावानं.

गोठ्यांत नाना रमले. तिथं शाळकरी पोरं-पोरी आपापल्या जनावरापाशी खुर्ची टाकून बसलेली असतात. 4-एच म्हणजे गावोगावची मुलांची मंडळं, पांढरे कपडे आणि हिरवा टाय; एफएफए म्हणजे शेतीचं शिक्षण घेणारी हायस्कूलची मुलं, निळी कॉर्डरॉयची जाकिटं. मूल कोकरू, डुक्कर किंवा गोऱ्हा महिनोन्‌महिने वाढवतं, खाद्याचा खर्च वहीत लिहितं, मेळ्यात न्यायाधीशापुढं जनावर फिरवतं आणि शेवटी लिलावात विकतं. तेराएक वर्षांची एक पोरगी हजार-बाराशे पौंडांचा गोऱ्हा कासऱ्यानं धरून रिंगणात फिरवत होती. नानांनी आधी गोऱ्हा पाहिला, पाठीवरचं मांस, पायांची ठेवण. मग पोरीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. बोलले काही नाहीत. लहानपणी मला बैलांच्या मागं यायला त्यांनीच बंदी केली होती.

लिलावात भाव पौंडामागं पुकारतात. स्थानिक धंदेवाले मुलांना हातभार म्हणून बाजारभावापेक्षा पुष्कळ चढ्या भावानं घेतात. मंचरच्या बाजारात उभी हयात घालवलेल्या नानांना हे काही केल्या पटेना. “घेणारा आपणहून भाव चढवतोय? आमच्याकडं रुमालाखाली हात घालून बोटं मोडीस्तोवर पाडत्यात.” विकलेलं जनावर खाटकाकडं जातं आणि रिंगणातून बाहेर पडताना पुष्कळ पोरं रडतात. मोठी माणसं म्हणतात, यातूनच शेती कळते. नेहमी कळतेच असं नाही. 2022 मध्ये याच कॅलिफोर्नियातल्या शास्ता जिल्ह्याच्या मेळ्यात एका नऊ वर्षांच्या मुलीचा सीडर नावाचा बोकड 902 डॉलरला विकला गेला. मुलीला तो देववेना. मेळ्याचा त्यातला वाटा होता 63 डॉलर आणि काही सेंट. घरच्यांनी नुकसान भरून द्यायची तयारी दाखवली, बोकड दूर नेऊन ठेवला. पोलीस पाचशेहून जास्त मैलांचा फेरा करून गेले, त्याला घेऊन आले आणि त्याची कत्तल झाली. खटला उभा राहिला, 2024 मध्ये काउंटीनं तीन लाख डॉलर देऊन तो आपल्यापुरता मिटवला. नवसाचा बोकड दावणीला असताना आमच्याकडचीही पोरं त्याला लपूनछपून पाला घालतात आणि यात्रेच्या दिवशी जेवत नाहीत. फरक एवढाच की आमच्याकडं पोलीस येत नाहीत, आजी येते आणि पोराला दुसऱ्या घरी जेवायला नेते.

अर्थात इथं मी गिऱ्हाईक आहे, गावात मी घरची आहे, हे मला कळतं. इथं तिकीट काढलं की माझा संबंध संपला. गावच्या यात्रेला आम्ही इथून वर्गणी पाठवतो, लाउडस्पीकरवर ‘अमेरिकेहून’ असं पुकारतात, भावकीत त्यावर महिनाभर चर्चा होते. तिकिटात आपलेपणा नाही असं आमचे लोक म्हणतात. नसेल. मला त्या नसण्याची मोठी विश्रांती वाटते.

दुपारी डुकरांची शर्यत होती. छोटी चार डुकरं, अंगात रंगीत जाकिटं, लाकडी भुशाचं गोल रिंगण आणि शेवटी जिंकणाऱ्याला एक बिस्किट. आई पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि तिनं लाल जाकिटाचं डुक्कर धरलं. फळी उघडली तशी ती उठून उभी राहिली. “पळ, पळ, आरं पळ की मुडद्या!” शेजारच्या गोऱ्या आजीबाईंना शब्द कळले नाहीत, पण त्याही उठल्या. लाल तिसरं आलं. आईनं पुढची शर्यत कधी ते विचारून घेतलं. चार वाजता.

तोवर नाना रेसट्रॅकच्या कुंपणापाशी गेले होते. ही मैलभराची धावपट्टी 1858 मध्ये इथल्या बर्नाल घराण्यानं केलेली. अमेरिकेतली या लांबीची ही सगळ्यांत जुनी, असं इथले लोक अभिमानानं सांगतात. मेळ्यातल्या घोड्यांच्या शर्यती हे पिढ्यान्‌पिढ्यांचं आकर्षण होतं. पण 2024 च्या जूनमध्ये बर्कलीजवळचं गोल्डन गेट फील्ड्स बंद झालं, उत्तर कॅलिफोर्नियातल्या शर्यतींचं गणित बसेना आणि 2025 च्या मेळ्यात घोडे पळालेच नाहीत.

“कोर्टानं बंद केली का?” नानांनी विचारलं. त्यांना दुसरं कारण सुचणं शक्यच नव्हतं. 7 मे 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं आमचे गाडे थांबले, तेव्हा कितीकांनी दावणीचे बैल विकले. नानांनी विकले नाहीत, नुसते पोसले. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं कायदा उचलून धरला, त्या दोन्ही दिवशी त्यांनी मला इथं रात्री-अपरात्री फोन केला होता.

“नाही नाना, कोर्टानं नाही. बघायला माणूस कमी झालं, पैसा आटला.”

त्यांनी पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. “मग मोकळीच हाय की. दोन बाऱ्या काढायला काय हरकत?” आणि लगेच स्वतःच मान हलवली. “न्हाई जमायचं. चढ न्हाई. आपल्या गाड्यावर माणूस नसतो, निशाण पडल्यावर बैल थांबायचा तो चढानं. हितं सोडला तर मंचरलाच जाऊन थांबंल.”

“घाटाला चढ असतो का उतार, मला काय ठाव,” आई मागून म्हणाली. “मी कुठं बघितलाय.”

“आता जात्यात बाया. पुढच्या चैत्रात चल की.”

“आन्‌ मासवड्या कोण थापंल?” आईनं विचारलं आणि उत्तराला न थांबता डुकरांच्या रिंगणाकडं निघाली. चारला पाच मिनिटं होती आणि पहिलं बाकडं भरत आलं होतं.