पाकळ्या टाकून दिलेलं कूळ

भात पोटरीतून बाहेर पडला, निसवला, की पुढचे काही दिवस खाचरात जे चालतं ते बघायला मुद्दाम कोणी जात नाही. सकाळचं ऊन वर चढलं की लोंबीवरची मिटलेली तुसं जोडीजोडीने विलग होतात. आतून सहा पुंकेसर बाहेर लोंबतात, पिसांसारखी दोन कुक्षी डोकावतात, वाऱ्यावर थोडा पराग उडतो आणि थोड्या वेळात तुसं पुन्हा मिटतात. भाताला फूल आलं आणि गेलंही.

ही तुसं उघडतं कोण? त्यांच्या बुडाशी दोन इवलेसे मांसल खवले असतात. ते पाणी पिऊन फुगतात आणि तुसांना रेटून बाजूला सारतात. हे खवले म्हणजे झिजून उरलेल्या पाकळ्या असाव्यात, असा कयास वनस्पतिशास्त्रात जुनाच होता. इतर फुलांत पाकळी घडवणाऱ्या जनुकांचे भाऊबंदच इथेही राबतात, हे पुढे दिसून आलं. रंग, गंध, मध हा सगळा सरंजाम भाताच्या, म्हणजे गवताच्या, कुळाने मोडीत काढला. पराग न्यायला वारा असताना फुलपाखरासाठी नटायचं कशाला?

गवत म्हणजे वनस्पतींतलं काहीतरी प्राथमिक, अर्धवट घडलेलं, ही समजूत म्हणूनच उलटी आहे. गवत साधं दिसतं ते त्याने बरंच काही टाकून दिलं म्हणून.

न टाकणारे नातेवाईक पाहिले की हे पटतं. अननस गवताच्याच गणातला, आणि त्याच्या जांभळट फुलांवर त्याच्या मूळ मुलुखात, दक्षिण अमेरिकेत, गुंजनपक्षी येतात. कास पठारावर पावसाळ्यात पांढरे ठिपके पसरवणारे गेंदही त्याच गणातले, आणि तळ्याकाठचं पाणकणीसही. लव्हाळ्यांचं कूळ तर इतकं जवळचं की रानात दोघांची सरमिसळ होते. सोडवणूक बोटांनीच करावी. लव्हाळ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवला की तीन धारा लागतात. पानंही तीन ओळींत, आणि पानाचा तळ दांड्याभोवती नळीसारखा बंद. गवताचा दांडा बहुधा गोल, पेरापेरांचा, दोन पेरांमध्ये पोकळ. पानं दोनच ओळींत. अर्थात ऊस आणि मका आतून भरीव निघतात. नियमाला गवताने फारसं जुमानलेलं नाही.

लव्हाळ्यांच्या सुमारे साडेपाच हजार जाती, गवताच्या साडेअकरा हजारांच्या वर. महापुरात कोण तगतं हे सांगायला तुकोबांनी लव्हाळ्याची साक्ष काढली. शेतकऱ्याची साक्ष वेगळी असेल. नागरमोथा या लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत साखळीने जोडलेल्या असतात. खुरप्याने साखळी तुटली की निजलेल्या गाठी जाग्या होतात आणि एकाच्या जागी चार रोपं उभी राहतात.

गवताची खरी करामत मात्र वाढीच्या जागेत आहे. झाडाझुडपाचा शेंडा खुडला की त्या फांदीची वाढ खुंटते. गवताच्या पात्याची वाढ बुडाशी चालते, कांड्याची पेरापाशी. कोवळा कोंब तर जमिनीलगत दडलेला. गाईने वरचं खाल्लं तरी कारखाना खाली सुरूच. वाऱ्याने आडवं पडलेलं कोवळं ज्वारीचं ताटही याच बळावर पेरापाशी खालच्या अंगाने जास्त वाढतं आणि पुन्हा वर वळतं.

शिवाय गवत अंगात वाळू बाळगतं. जमिनीतली सिलिका पाण्याबरोबर शोषून ते पेशींमध्ये साठवतं. भाताच्या तुसाच्या राखेत बहुतेक तीच असते. पेशीच्या साच्यात घट्ट झालेले हे सूक्ष्म कण पान कुजलं तरी उरतात आणि प्रत्येक गटाचे कण वेगळ्या घडणीचे असतात. याच कणांनी एक मोठी समजूत मोडली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाच्या शिवारात डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. ते गोळे वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी तपासले आणि 2005 साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत आजच्या गवतांच्या शाखांमधले निदान पाच प्रकार निघाले. डायनासोर संपले आणि मग गवत आलं, असं तोवर पुस्तकं सांगत. चित्रकारही डायनासोरांच्या पायाखाली गवत काढायचं कटाक्षाने टाळत. विदर्भातल्या शेणाने ती चित्रं जुनी केली. पुढे 2011मध्ये अशाच गोळ्यांतून भाताच्या भावकीतल्या गवताचेही कण मिळाले.

त्या काळी गवत जंगलाच्या आडोशाने असे. माळरानं व्यापायला त्याला पुढे कोट्यवधी वर्षं लागली. ज्वारी, बाजरी, ऊस यांच्या घराण्यांनी तोवर पानाच्या शिरांभोवती जाड पेशींचं कडं उभारलं होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात कोंबून ही गवतं कडक उन्हात, कमी पाण्यात साखर बनवतात. हॅच आणि स्लॅक यांनी 1966 साली हा मार्ग उलगडला तो उसाच्या पानांवर.

आपल्याकडच्या गवतांची नीट नोंद करणारं ब्लॅटर आणि मॅकॅन यांचं ‘द बॉम्बे ग्रासेस’ 1935चं. पुण्यात गवतांवर काम केलेल्या भिडे यांच्या नावाची तर ‘भिडेया’ ही एक आख्खी प्रजातीच आहे. या अभ्यासकांना सुई आणि भिंग लागे; मेंढपाळ लांबूनच पवन्या, मारवेल, कुसळी ओळखतो. कुसळी कोवळी असेतो जनावरं आवडीने खातात. एकदा कुसळ धरलं की मात्र कळप तिथून हलवावा लागतो. कुसळ ओलं झालं की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा घेतं, आणि या फिरण्याने त्याचं अणकुचीदार बूड मातीत शिरतं. लोकरीतून मेंढीच्या कातड्यातही ते तसंच शिरतं. बुडावरचे ताठ केस त्याला मागे येऊ देत नाहीत.