बारा निपल

जुन्या बेळगावच्या आठवणी इथं मी रोज वाचतो, लिहितो क्वचितच. आज आमच्या जीपबद्दल लिहितोय. हे आधी धाकट्या भावाला वाचून दाखवलं. तो "टाक" म्हणाला, म्हणून टाकतोय. त्याला का विचारावं लागलं ते पुढं कळेल.

गाडी १९४४ ची विलीज. लढाई संपल्यावर लष्कराच्या गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या, त्यातली एक अण्णांनी १९४९ साली घेतली. डाव्या हाताचं स्टिअरिंग, ड्रायव्हरच्या सीटखालीच पेट्रोलची टाकी. अण्णांचा लाकडाचा व्यवसाय, खानापूर-जांबोटीकडं सारखं जाणं-येणं. पावसात त्या रस्त्यांवर बैलगाडी रुतायची तिथून ही जीप निघायची.

अण्णा तिला घरातल्या जनावरासारखं सांभाळायचे. एक रविवार सोडून एक रविवार ग्रीसिंग. पाट्यांना एकूण बारा निपल. पुढं-मागं मिळून चार शॅकल, प्रत्येकाला वर एक आणि खाली एक बुश, म्हणजे आठ. पाट्याच्या दुसऱ्या टोकाला पिन, त्या चार. अण्णांचा नियम एकच होता. गन दाबायची आणि निपलकडं बघायचं नाही, दुसऱ्या कडेला बघायचं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन त्यामागून नवं दिसलं की मगच तो निपल झाला. मग वहीत तारीख आणि पुढं "१२".

मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, तरी शनिवारी निपाणीहून घरी आलो की हे काम माझ्याकडंच. मला त्याचा मनस्वी कंटाळा. इस्त्रीचा शर्ट काढून गाडीखाली झोपायचं!

१९७७ च्या दिवाळीत अण्णांनी गाडीला निळा रंग दिला. रंगवणाऱ्यानं निपल झाकले नव्हते. त्यानंतर डाव्या हाताच्या पुढच्या शॅकलचा वरचा निपल ग्रीस घेईना. गन दाबली की ग्रीस आत न जाता बाहेरच ओघळायचं. काढून साफ करायला दहा मिनिटं पुरली असती. मी फडक्यानं पुसलं आणि वहीत "१२" लिहिलं. पुढच्या वेळी तेच. त्याच्याही पुढच्या वेळी तेच. बँकेत रोकड न मोजता टॅली दाखवणाऱ्या कॅशियरला मी मेमो दिले आहेत, हेही इथंच सांगून टाकतो.

१९७८ च्या जुलैत धाकटा जांबोटीहून येत होता. वय बावीस. गाडी डावीकडं बसली, ओढली गेली आणि मोरीच्या कठड्यावर गेली. त्याचा डावा गुडघा गेला. मेन पाटा मोडलेला मिळाला. सगळे म्हणाले, आपटल्यामुळं मोडला. धाकटा खाटेवरून सांगत होता, "अण्णा, आधी ओढली, मग आपटली." कुणी ऐकलं नाही. पोरगं वेगात असणार, एवढंच सगळ्यांनी धरलं. मी दाराशी उभा होतो. वही फळीवर होती. मी बोललो नाही.

मराठा सेंटरच्या भरतीला जायचं त्याच्या मनात होतं, तो विषय तिथंच संपला. अण्णांनी पुन्हा त्याच्या हाती किल्ली दिली नाही. पाटा नवा बसवला, पण गाडी त्यानंतर फारशी फिरलीच नाही, आणि अण्णा गेल्यावर शेडमध्ये गेली ती गेलीच. मी बदल्यांवर गावोगाव फिरलो. शेती, अण्णांचं आजारपण, आई, सगळं धाकट्यानं बघितलं, लंगडत.

गेल्या दिवाळीनंतर पुतण्यानं विषय काढला की गाडी चालती करूया. इंजिनाचं काम मिस्त्रीनं केलं. पाट्यांचं आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी घेतलं. पुतण्यानं लष्करी मॅन्युअल छापून आणून दिलं.

या शॅकलचे बुश आजच्यासारखे रबरी नसतात. आतही आटे, बाहेरही आटे. बाहेरच्या आट्यांनी बुश चासीत किंवा पाट्याच्या टोकात घट्ट बसतो, आतल्या आट्यांत शॅकल झुलतो. गाडी खड्ड्यात दबली की पाटा सरळ होतो, म्हणजे लांब होतो. त्या लांबीला जागा देतो तो शॅकल. आठांतले सहा बुश सरळ आट्यांचे, दोन उलट्या आट्यांचे. उलट्याच्या डोक्याभोवती एक खाच असते. ती गंजाखाली दिसली नाही, म्हणून एका बुशवर आम्ही अर्धा दिवस उलट्याच दिशेनं जोर लावत होतो. डिझेलमध्ये दोन दिवस भिजवलं, मग दिव्यानं तापवलं, पान्याला पाइप लावला. मागचे सगळे सुटले. पिनांचे पितळी बुश झिजून एका बाजूला कागदासारखे झाले होते. ते उद्यमबागेतल्या एका टर्नरनं गनमेटलचे करून दिले, ग्रीसचं भोक बरोबर जागेवर ठेवून.

राहिला डाव्या हाताचा पुढचा, वरचा. पाटा बदलताना त्या वेळच्या मिस्त्रीनं फक्त खालचा बुश काढला होता, वरचा तसाच ठेवला होता. तो सुटेना. शेवटी कापावा लागला. निपलच्या तोंडात निळा रंग बसलेला. आत ग्रीसचा थेंब नाही, तांबडी भुकटी. शॅकल आणि बुश एकजीव झालेले.

मॅन्युअलमध्ये नवीन बुश बसवायची रीत दिली आहे. वरचा बुश चासीला टेकेपर्यंत आवळायचा, खालचा पाट्यापासून एक इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतका लांब ठेवायचा, ग्रीस भरून शॅकल हातानं झुलवून बघायचा. शॅकल घट्ट राहिला तर पाटा मोडतो, असं तिथं सरळ लिहिलंय. मी ते मोठ्यानं वाचत होतो, आणि त्या वाक्याला थांबलो.

धाकटा म्हणाला, "काय झालं? वाच की."

मी सांगितलं. निळा रंग, ओघळणारं ग्रीस, फडकं, वहीतले बारा, दाराशी उभं राहणं. सेहेचाळीस वर्षं लागली, सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तो काही बोलला नाही. हातातला कापलेला बुश त्यानं पाटावर ठेवला, हात पुसले आणि घरात गेला. दोन दिवस शेडकडं फिरकला नाही. वहिनी जेवायला हाक मारायची, ताट वाढायची, तो पाठ करून बसलेला. मला परत जावंसं वाटलं. खरं जाऊन जाऊन जाणार कुठं? (बाहेरच्या वाचकांसाठी: आम्ही बेळगावकर "पण" म्हणायचं तिथं "खरं" म्हणतो.)

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये खडखड ऐकू आली. नवीन बुश त्यानं एकट्यानंच चढवले होते. शॅकल हातानं पुढं-मागं झुलवत होता. मी आत गेलो तरी मान वर केली नाही.

"अण्णा मरेपर्यंत मला बोलत होते," तो म्हणाला. "तू पोस्टाकार्ड टाकलं असतंस तरी चाललं असतं."

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

बराच वेळ गेला. मग त्यानं ग्रीसगन घेतली, गुडघ्याला त्रास होत असतानाही खाली पोतं पसरून बसला. "मी दाबतो. तू त्या कडेला बघ. आलं की सांग. नाही आलं तरी सांग."

मी पलीकडं पोटावर झोपलो. पंच्याहत्तरीत गाडीखाली झोपणं म्हणजे उठायला दुसरा माणूस लागतो. एक, दोन, तीन. चौथ्याला उशीर लागला, मी "नाही" म्हणालो. त्यानं निपल काढला, तार घालून साफ केला, पुन्हा लावला. मग आलं. डाव्या हाताचा पुढचा त्यानं शेवटी ठेवला होता. त्यानं सहा-सात वेळा दाबलं, कडेनं पिवळं, स्वच्छ ग्रीस बाहेर आलं.

"आलं," मी म्हणालो.

"बघितलंस?"

"बघितलं."

अण्णांची वही पुतण्यानं शोधून काढली होती, शेडच्या फळीवरच होती. मी पेन काढायला खिशात हात घातला तर धाकट्यानं वही ओढून घेतली. "आण इकडं," तो म्हणाला, "मी लिहितो."