हुबेहूब की मनाजोगं? जयपूरच्या वाटेवर निवडा घरच्या रेल्वेचं इंजिन

जयपूरची सहल म्हटलं की यादी ठरलेलीच असते. हवामहल, आमेर, जंतरमंतर, लाखेच्या बांगड्या, बांधणीचे दुपट्टे आणि कांद्याची गरमागरम कचोरी. पण तुमच्या घरात कुणाला छोट्या रेल्वेचं वेड असेल, कपाटावर किंवा पलंगाखाली रुळांचा एखादा गोल पडून असेल, तर या यादीत आणखी एक काम घाला. परत येईपर्यंत ठरवा, की त्या रुळांवर कोणतं इंजिन धावणार.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आजोबांना हवं असतं वाफेचं काळं इंजिन, अगदी त्यांच्या लहानपणी होतं तसं. नातवाला हवी असते वंदे भारत. आईला खर्चाची काळजी, कारण चांगलं मॉडेल हजारांच्या घरात जातं. आणि बाबा रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर फोटो मोठे करून पाहत बसतात, ‘याच्या टेंडरवरचे रिव्हेट चुकलेत’ म्हणत. या वादात महिने जातात आणि रुळांवर धूळ बसते. म्हणून म्हणतो, या वेळी जयपूर जरा वेगळ्या नजरेनं पाहा.

प्रवासातच पहिला धडा

मुंबई सेंट्रलहून जयपूरला थेट सुपरफास्ट गाडी आहे. सकाळी कोटा मागे पडतं, मग सवाई माधोपूर येतं. इथून जयपूरपर्यंतचे सुमारे 130 किलोमीटर खिडकीजवळ बसून काढा. आज ज्या रुंद रुळांवरून तुम्ही जाता, तिथे एकेकाळी जयपूर संस्थानाची मीटरगेज रेल्वे धावत होती. जयपूर हे मीटरगेजचंच शहर. दिल्ली, अजमेर, सीकर, कुठेही जायचं तर छोट्या रुळांची गाडी. 1990 च्या दशकात मोठे मार्ग ब्रॉडगेज झाले. रींगस-सीकरकडचा छोटा रूळ मात्र अगदी गेल्या दशकापर्यंत टिकून होता.

आता थोडं गणित करू. मुलांनाही सोबत घ्या.

जगात सर्वाधिक चालणारं मॉडेलचं माप आहे ‘एचओ’. यात खरी वस्तू 87 पटींनी लहान करतात आणि दोन रुळांमधलं अंतर असतं 16.5 मिलिमीटर. हे अंतर युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटरच्या रुळांवरून आलेलं आहे. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचं. त्याला 87 नं भागलं तर 19 मिलिमीटरहून थोडं अधिक येतं. म्हणजे दुकानात मिळणाऱ्या एचओ रुळावर कोणतंही भारतीय ब्रॉडगेज इंजिन ठेवा, रूळ जवळपास तीन मिलिमीटरनं अरुंदच! इंजिनाचा रंग, नंबर, शिट्टी सगळं बरोबर असलं तरी ही चूक तळाशी राहणारच.

गंमत म्हणजे जयपूरची मेट्रो 1435 मिलिमीटरच्या रुळांवर धावते. म्हणजे एचओ रुळावर मापानं तंतोतंत बसेल अशी गाडी पाहिजे असेल, तर ती मेट्रो. आणि जुनी मीटरगेज? 1000 भागिले 87 म्हणजे साडेअकरा. मीटरगेजच्या मॉडेलसाठी 12 मिलिमीटरचे वेगळे रूळ मिळतात, ते इथे छान जुळतात. पण त्यावर चालणारी तयार मॉडेलं मुख्यतः स्वित्झर्लंडच्या डोंगरी गाड्यांची. आपलं ‘वायपी’ इंजिन दुकानात सहज मिळत नाही.

थोडक्यात, शंभर टक्के हुबेहूब हा पर्याय बहुतेकांच्या हातात नसतोच. हे एकदा मान्य केलं की घरातला निम्मा वाद संपतो. उरलेला निम्मा जयपूर मिटवेल.

जंतरमंतर : अचूकता नेमकी कुठे हवी?

सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये जयपूर वसवलं. त्यानंतर काही वर्षांतच जंतरमंतर उभं राहिलं. इथलं सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. त्याची सावली पाहून दोन सेकंदांपर्यंत वेळ मोजता येते. शेजारच्या लघु सम्राट यंत्रावर मात्र वीस सेकंदांपर्यंतच. तत्त्व एकच, पण आकार लहान झाला की बारकावा कमी होतो. छोटी रेल्वे करणाऱ्या प्रत्येकानं या दोन यंत्रांसमोर पाच मिनिटं उभं राहावं.

आणखी एक गोष्ट पाहा. सगळी अचूकता आहे ती कडेच्या दगडावर कोरलेल्या खुणांमध्ये. बाकीची भिंत साधीच आहे. जिथे सावली पडणार, तिथेच कसब ओतलं आहे.

इंजिन निवडताना हेच करा. तुमच्यासाठी ‘सावली’ कुठे पडते ते शोधा. कुणाला चाकांची मांडणी महत्त्वाची वाटते. वायपी असेल तर पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन चाकं हवीतच. कुणाला रंग आणि पट्टा बरोबर हवा असतो. कुणाला फक्त आवाज. अशा दोन किंवा तीन गोष्टी कागदावर लिहा आणि त्यात तडजोड करू नका. बाकी सगळं सोडून द्या. चाकांची मांडणी तीच असलेलं परदेशी इंजिन घेऊन त्याला काळा रंग आणि हिंदी अक्षरं दिली, तर तीन फुटांवरून आजोबांना ते आपलंच वाटेल. डिझेल हवं असेल तर काम आणखी सोपं. आपलं प्रसिद्ध डब्ल्यूडीएम-2 मुळात अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्याचं. त्याच घराण्यातली अमेरिकी मॉडेलं चेहऱ्यामोहऱ्यानं जवळची आहेत.

हवामहल आणि गुलाबी रंग

हवामहल 1799 मधला. रस्त्यावरून पाहिलं तर केवढा भव्य महाल! 953 झरोके, पाच मजले. मागच्या बाजूनं आत गेलात की कळतं, वरचे मजले जेमतेम एका खोलीच्या खोलीचे आहेत. पण त्यामुळे कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. ज्या बाजूनं पाहायचं ती बाजू मन लावून केली आहे.

घरात जागा कमी असेल तर हाच उपाय. सध्याच्या एलएचबी डब्याचं एचओ मॉडेल सुमारे 27 सेंटीमीटर भरतं. 22 डब्यांची खरी गाडी करायची तर डबेच जवळजवळ सहा मीटर होतील. टू बीएचकेमध्ये गाडी हॉलमधून निघून स्वयंपाकघरात थांबेल! म्हणून चार-पाच डब्यांची गाडी करा. मग इंजिनही तसंच निवडा. सुरुवातीच्या सेटमधल्या गोल रुळांची त्रिज्या साधारण 36-37 सेंटीमीटर असते. अशा वळणावर लांबलचक एक्सप्रेस इंजिन बाहेर झुकतं, कधी घसरतं. शंटिंगचं आखूड इंजिन तिथे मजेत फिरतं. मुलांना रोज चालवायला मिळणारं छोटं इंजिन, काचेच्या कपाटातल्या महागड्या इंजिनापेक्षा जास्त आनंद देतं.

आता शहराचा रंग. जयपूर वसलं तेव्हापासून ते असं गुलाबी नव्हतं. 1876 मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी शहर या रंगात रंगवलं गेलं, असं सांगतात. पाहुणे गेले, रंग राहिला आणि तीच शहराची ओळख झाली. तुमच्या लेकीला गुलाबी इंजिन हवं असेल तर तिला ‘असं इंजिन नसतंच’ म्हणण्याआधी ही गोष्ट आठवा.

खऱ्या गाड्याही नक्कल करतात

पॅलेस ऑन व्हील्स ही शाही गाडी 26 जानेवारी 1982 रोजी सुरू झाली, तेव्हा तिला राजेरजवाड्यांचे जुने मीटरगेज डबे होते. पुढे रूळ बदलले आणि त्या धाटणीचे नवे डबे बांधावे लागले. म्हणजे आजची शाही गाडी स्वतःच एक मॉडेल आहे, फक्त खऱ्या आकाराचं. प्रवासी तरीही हौसेनं तिकीट काढतात.

आणि हौसेची परिसीमा पाहायची असेल तर ग्वाल्हेर गाठा. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी रेल्वे आहे. पाहुण्यांसमोर मद्य आणि सिगार घेऊन ती फिरायची. बाटली उचलली की गाडी थांबायची. ती कोणत्या खऱ्या गाडीची नक्कल आहे, असं कुणी विचारत नाही. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 पासून सुरू आहे. तिथे वाफेच्या गाडीशेजारून आधुनिक गाडी जाते, बाजूला सर्कसचा तंबूही आहे. मुलं टाळ्या वाजवतात आणि मोठ्यांनाही ते खटकत नाही.

पण खरं पाहायला विसरू नका

याचा अर्थ अचूकता फुकट आहे असा मुळीच नाही. जयपूरपासून सुमारे 135 किलोमीटरवर अजमेर आहे. तिथल्या कारखान्यात 1895 मध्ये भारतात बांधलेलं पहिलं इंजिन, एफ-734, तयार झालं. तेही मीटरगेजच. ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. दिल्लीकडे जाणार असाल तर वाटेत रेवाडीचं 1893 मधलं शेड आहे. तिथे वाफेची इंजिनं आजही जपली आहेत. आजोबांना सोबत न्या. गरम तेलाचा आणि कोळशाचा वास आला की ते जे बोलतील, ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा. कारण मीटरगेज गेली, ती इंजिनं भंगारात गेली. आता ती गाडी आठवणारी माणसंही कमी होत चालली आहेत. टेंडरवर किती रिव्हेट होते हे पुस्तकात सापडेल. फायरमन उतरताना कसा पाठमोरा उतरायचा, स्टेशनवर पाणी भरताना मुलं कुठे उभी राहायची, हे सापडणार नाही.

आणि नातवाचं काय? त्याला जयपूर जंक्शनवर न्या. अजमेर-दिल्ली कँट म्हणून सुरू झालेली वंदे भारत 2023 पासून इथून जाते. या मार्गावर दुमजली कंटेनरच्या मालगाड्यांसाठी विजेची तार नेहमीपेक्षा उंच बांधली आहे. म्हणून या गाडीचा पेंटोग्राफही खास उंच उठणारा आहे. त्याला तो दाखवा. घरी मॉडेलवर तेवढा एक उंच पेंटोग्राफ बसवला, तर ती कुठलीही वंदे भारत न राहता जयपूरची वंदे भारत होईल. नीट पाहिलं की कधी कधी असा एखादाच बारकावा पुरतो.

खरेदीआधी इतकं करा

शेवटच्या संध्याकाळी नाहरगडावर जा. खाली जयपूरचे सरळ रस्ते, चौकोनी पेठा, दिवे लागलेले बाजार, सगळं एखाद्या टेबलावर मांडल्यासारखं दिसतं. तिथे बसून घरातल्या प्रत्येकानं एक प्रश्न सोडवावा : गाडी सुरू झाल्यावर मला काय पाहायचंय? चाकांची हालचाल, ओळखीचा रंग, की नुसतं गोल गोल फिरणं?

मग खरेदी करा. इंजिन तुमच्या रुळांच्या मापाचं आणि वळणाचं आहे ना, तुमच्या कंट्रोलरवर चालतं ना, सुटे भाग मिळतात ना, एवढं आधी विचारा. शक्य असेल तर दुकानात चालवून पाहा. संथ गतीत धक्के न खाता चालणारं साधं इंजिन, दिसायला हुबेहूब पण अडखळणाऱ्या इंजिनापेक्षा केव्हाही चांगलं. पहिलं इंजिन सगळ्यांनी हाताळायचं ठेवा. बारकाव्यांचं, नाजूक इंजिन दुसऱ्या वर्षी घ्या, तेव्हा हातही सरावलेले असतील.

आणि दोन इंजिनं झाली तर काळं वायपी आणि वंदे भारत एकाच रुळावर चालवायला लाजू नका. खऱ्या जयपूरमध्ये त्यांची भेट कधीच झाली नाही. तुमच्या टेबलावर मात्र आजोबा आणि नातू शेजारी बसून सिग्नल देतील, आणि आधी कुणाची गाडी सोडायची यावरून पुन्हा भांडतील. ते भांडण मात्र मिटवायला जाऊ नका.