माझे केस, माझी केस

इंग्रजी शब्द आपल्या भाषेत पाहुणे म्हणून आले आणि घरजावई होऊन बसले, ही तक्रार जुनी आहे. मला तिचे फारसे दुःख नाही. जावई कामाचा असला, तर दोन घास जास्त खाल्ले म्हणून कोण कुरकुर करील? पण एका शब्दाने मात्र आमच्या घरात मोठा घोटाळा केला. तो शब्द म्हणजे ‘केस’. हा दारात आला तेव्हा त्याच नावाचा एक गृहस्थ आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता, आणि तोही चक्क डोक्यावर!

मराठीने यावर जो तोडगा काढला, त्याला तोड नाही. तिने जुन्याला पुल्लिंगी ठेवले आणि नव्याला स्त्रीलिंगी करून घेतले. तो केस, ती केस. ‘माझे केस गेले’ असे म्हणणाऱ्याचे न्हाव्याचे पैसे वाचतात. ‘माझी केस गेली’ असे म्हणणाऱ्याचे वकिलाकडे गेलेले असतात. दोन्ही दुःखे एकाच माणसाच्या वाट्याला येतात, तीही बहुधा एकापाठोपाठ.

एकदा घरात शिरल्यावर ही ‘केस’ स्वस्थ बसली नाही. कोर्टात तिने दावा, खटला, फिर्याद, कज्जा या साऱ्यांना बाजूला सारले. 1908 सालच्या त्या प्रसिद्ध कामाला आपण अजून ‘टिळकांवरचा खटला’ म्हणतो. पण 1959 साली मुंबई ज्याने हादरली, ते प्रकरण मात्र ‘नानावटी केस’. दवाखान्यात जावे तर आधी ‘केसपेपर’ काढावा लागतो. बैठकीच्या खोलीत ‘शोकेस’ असते आणि तिच्यात कधीही न वापरलेली कपबशी असते. प्रवासाला सूटकेस लागते. आणि एखाद्या माणसापुढे सगळ्यांनी हात टेकले, की त्याच्या पाठीमागे म्हणायचे, “अवघड केस आहे!”

छापखान्यातही ही केस होती. शिशाचे खिळे ज्या खणांच्या लाकडी पेटीत ठेवत, ती केस. इंग्रजी जुळाऱ्यापुढे दोन केसी असत. वरच्या केसीत मोठी अक्षरे, खालच्या केसीत लहान. ते खिळे गेले, त्या पेट्या गेल्या, पण संगणकावर आजही मोठ्या अक्षरांना ‘अपर केस’ आणि लहानांना ‘लोअर केस’ म्हणतात. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही; पण काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचा संसार एवढा दांडगा, की आमच्या जुळाऱ्याचे दोन केसींवर भागत नसे.

आता तुम्ही विचाराल, पेटी आणि खटला यांचा संबंध काय? काही नाही. ते दोन निरनिराळे शब्द आहेत. लॅटिनमध्ये ‘काप्सा’ म्हणजे पेटी; तिची मुळे ‘धरणे’ या अर्थाच्या धातूत आहेत. सूटकेस, शोकेस, छापखान्यातली केस ही तिची लेकरे. पैसे ठेवायच्या पेटीवरून आलेली ‘कॅश’ आणि औषधाची ‘कॅप्सूल’ याही त्याच घराण्यातल्या. खटल्याची आणि रोग्याची केस आली ती ‘कासुस’पासून. कासुस म्हणजे पडणे, कोसळणे. एखाद्यावर जे येऊन पडते ते. आपणही म्हणतोच की, ‘त्याच्यावर प्रसंग कोसळला.’ आपल्या कचेऱ्यांतली ‘कॅज्युअल’ रजा आणि इस्पितळातली ‘कॅज्युअल्टी’ या दोघी याच कुळातल्या. दोन घराणी शतकानुशतके इंग्रजांच्या तोंडात घासून घासून एका उच्चाराची झाली. एक धरून ठेवणारी, दुसरी कोसळणारी.

ही फोड मला फार मोलाची वाटते. कारण तिचा सरळ अर्थ असा, की केस म्हणजे माणूस नव्हे. केस म्हणजे माणसावर जे कोसळले ते. माणूस निराळा, त्याची केस निराळी. पण बोलता बोलता आपण ज्याच्यावर डोंगर कोसळला त्यालाच डोंगर म्हणू लागतो.

कोर्टाचे उदाहरण घ्या. केरळात कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती मठाच्या जमिनीसाठी 1970 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी 68 दिवस चालली. 13 न्यायमूर्तींनी 24 एप्रिल 1973 रोजी 7 विरुद्ध 6 अशा मतांनी निकाल दिला, की घटनेत दुरुस्ती करता येईल, पण तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही. देशाला केवढा आधार मिळाला! स्वामी ज्या जमिनीसाठी गेले होते, ती गोष्ट मात्र बाजूला राहिली. 2020 साली ते निवर्तले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ‘केशवानंद’ तोंडपाठ असतो. पण तो एक निकाल म्हणून. त्या नावाचा एक संन्यासी होता, तो गात असे, मठ चालवीत असे, हे किती जणांच्या ध्यानात असते?

इस्पितळात तर हे रोजचेच. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला एका इस्पितळात ठेवावे लागले. कुठले, ते सांगत नाही; सगळीकडे तेच असते. सत्तरी उलटलेली, मांडीचे हाड मोडलेली माझी आई तिथे ‘तीन नंबरची फ्रॅक्चरची केस’ झाली. “तीन नंबरची केस खाली न्या.” “त्या केसला जेवण द्यायचे नाही.” बोलणारी मंडळी दुष्ट नव्हती. चाळीस खाटांना दोन परिचारिका; त्यांनी चाळीस नावे आणि चाळीस स्वभाव कुठवर लक्षात ठेवायचे? शिवाय हाड बसवताना डॉक्टरांनी हाडच पाहायला हवे, हेही मला कळते. उपचारही चोख झाले. पण आई त्या तीन दिवसांत बोलेनाशी झाली. विचारले तर नुसती मान हलवी.

चौथ्या दिवशी सकाळी पाळीवर एक वयस्क आया आली. खाटेशी वाकून म्हणाली, “आजी, वेणी घालून देऊ का? केसांचा पार गुंता झालाय.” आईने डोळे उघडले. म्हणाली, “दे बाई. पण ओढू नकोस हं, केस आधीच थोडे राहिलेत.” तीन दिवसांतले ते तिचे पहिले पुरे वाक्य. केसची आजी झाली आणि आजीला वाचा फुटली.

तेव्हापासून मला एका जर्मन बाईची आठवण पुनःपुन्हा होते. 1901 साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात 51 वर्षांची एक बाई दाखल झाली. तिला काही आठवत नसे. स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तर तेही हातून पुरे होत नसे. 1906 साली ती वारली. तिच्या मेंदूची तपासणी करून डॉक्टर अल्झायमर यांनी त्याच वर्षी आपले टिपण वैद्यांच्या सभेत वाचले. पुढच्या वर्षी ते छापले गेले. त्यात बाईचे वय होते, नाव नव्हते. 1910 साली रोगाला डॉक्टरांचे नाव मिळाले. बाईच्या वाट्याला ‘केस’ एवढेच आले. 1995 साली तिची मूळ फाइल सापडली. तिच्यात तिचा फोटो होता आणि नाव लिहिण्याची ती अर्धवट धडपडही. आज जग तिला ऑगस्टे डेटर म्हणून ओळखते. जे नाव तिला स्वतःला पुरे लिहिता आले नाही, ते पुरे व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

‘केस’चा आणखी एक अर्थ सांगायचा राहिला, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. इंग्रजी व्याकरणात केस म्हणजे विभक्ती. हीही त्याच ‘कोसळण्या’तली, नाम आपल्या सरळ रूपावरून ढळले, की ती त्याची केस, अशी जुन्या ग्रीक-लॅटिन पंडितांची कल्पना. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 साली निघाले. तेव्हापासून आमच्या किती पिढ्यांनी ‘स, ला, ते’ घोकले असेल! घोकताना वाटे, या प्रत्ययांचा संसारात उपयोग काय?

उपयोग आहे. षष्ठीचा ‘ची’ घ्या. ‘ही केस’ म्हटले की माणूस नाहीसा होतो. ‘आईची केस’ म्हटले की तो परत येतो. एका अक्षराच्या प्रत्ययाने मालक आणि मालमत्ता, माणूस आणि त्याचे दुखणे वेगळे केले. आणि सगळ्यांत शेवटी येते ते संबोधन. ते निराळे मोजायचे की प्रथमेतच धरायचे, याबद्दल वैयाकरणांत मतभेद आहेत. माझ्या मनात मात्र मुळीच शंका नाही. बाकीच्या विभक्त्या माणसाबद्दल बोलतात. संबोधन माणसाशी बोलते.

कोर्टांना केस लागणार, डॉक्टरांना लागणार. त्या शब्दाला घराबाहेर काढा, असे मी म्हणत नाही. पण माणसाच्या केसालाही धक्का न लावता त्याला केस करून टाकता येते, एवढे ध्यानात असू द्यावे. दिवाळीत आपण दहा जणांकडे जातो. त्यांत कुणाचा दावा चालू असतो, कुणाचे दुखणे. केसचे काय झाले, हे जरूर विचारावे. पण आधी हाक मारावी.